सध्या हातात काय आहे, आणि पुढे काय?

नुसती यादी नको. हातातलं पुस्तक तुमच्यापर्यंत कसं आलं आणि ते आता कुठल्या पुस्तकाकडे नेतंय, ते जरा सविस्तर लिहा. कादंबरी, कविता, विज्ञानकथा, प्रवासवर्णन, काहीही चालेल. सुरुवात मी करते.

मी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' वाचतेय. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढीच आशा. वाटेत बंड पेटलं. झाशी पडली तेव्हा भटजी शहरातच होते. कत्तल आणि लूट त्यांनी लपूनछपून पाहिली. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्यांना राणी भेटते, दमलेली, तहानलेली. ते पान मी पुनःपुन्हा वाचते. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापताना मजकुरावर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. आता ती मिळवायची आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायच्या. मला भटजींची स्वतःची भाषा ऐकायची आहे.

०००

ताई, तुमचं सत्तावन्न वाचून लगेच लिहायला बसले. आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रोज रात्री जेवणं झाली की मी तिला 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवते. लक्ष्मीबाई टिळकांच्या आजोबांना सत्तावन्नच्याच बंडात फाशी झाली, आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. मीठसुद्धा धुवून घ्यायचं! आई हसते, आणि मग गप्प होऊन म्हणते, "त्या घरातल्या बायकांचं काय झालं असेल गं?" पुस्तक त्याचंच तर उत्तर देतं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यानंतर एकट्या पडलेल्या लक्ष्मीबाई स्वतःची कीव न करता ते दिवस ज्या सरळपणाने सांगतात, तसं लिहिणारं मला मराठीत दुसरं कुणी दिसत नाही. हे संपलं की आईला गोडसे भटजी वाचून दाखवणार. ठरलं.

०००

गोंदिया जिल्ह्यातून लिहितोय. आमच्याकडे धानाच्या बांध्यांत सारस उतरतात. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ आमच्याच भागापुरता उरलाय. त्यामुळे मारुती चितमपल्लींची पुस्तकं माझ्यासाठी घरची आहेत. 'नवेगावबांधचे दिवस' आधीच वाचलंय, सध्या 'चकवाचांदण' सुरू आहे. हे आत्मचरित्र आहे, पण माणसांइतकीच जागा त्यात झाडापाखरांना आहे. वनखात्याची नोकरी करता करता या माणसाने संस्कृत शिकून घेतलं, आदिवासींकडून पाखरांची नावं गोळा केली, पक्षिकोश रचला. जून २०२५ मध्ये ते गेले, त्या दिवशी मी तळ्यावर जाऊन बसलो होतो.

पुढचं पुस्तक दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. त्यातला पहिला लेख चैत्रावर आहे, म्हणून मी पाडव्यापर्यंत थांबणार आहे. ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा, आणि दुर्गाबाईंना दिसलेलं आमच्या रानात दिसतं का ते बघायचं. वर्ष लागेल, लागू दे.

०००

मी विज्ञानकथा वाचते, बाकी फारसं नाही. आत्ता जयंत नारळीकरांचे कथासंग्रह पुन्हा काढलेत. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. आपल्या नावाचा वशिला लागू नये म्हणून एवढी काळजी, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे 'चार नगरांतले माझे विश्व' वाचेन. वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे.

०००

कविता कुणीच वाचत नाही का? मी अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' वाचतोय, रात्री एकच कविता, मग दिवा बंद. जगभरातल्या रडणाऱ्या बायका एका वहीत. त्यात प्राचीन अलेक्झांड्रियाची गणिती हायपेशिया आहे, तमिळ महाकाव्यातली कण्णगी आहे. हे पुस्तक सलग वाचताच येत नाही, एका कवितेनंतर दुसरीकडे जायला मन तयार होत नाही. मला ते कोलटकरांचं सगळ्यात मोठं काम वाटतं, 'जेजुरी'पेक्षाही. साहित्य अकादमीचा पुरस्कार २००५ साली मिळाला, पण तो घ्यायला ते नव्हते.

कण्णगीपाशी मी अडकलोय. निर्दोष नवऱ्याला चोर ठरवून मारलं म्हणून पांड्य राजाला भर दरबारात जाब विचारणारी आणि सगळी मदुराई जाळणारी ही बाई आपल्याकडे शाळेत कुणी सांगितलीच नाही. म्हणून आता मूळ तमिळ महाकाव्य, 'शिलप्पदिकारम्', अनुवादातून वाचायचं आहे. त्याचा चांगला मराठी अनुवाद कुणाच्या कपाटात असेल तर इथे सांगा. मी पुण्यात आहे, येऊन घेऊन जाईन आणि वेळेत परत करीन.