मदत हवी आहे: लाईटवाल्या ४ रॅम लावल्या आणि स्पीड ६००० वरून ३६०० वर आलाय

सांगलीचा_एडिटर:

मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचत असतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा सांगलीत छोटा स्टुडिओ आहे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. पीसी २०२४ मध्ये असेंबल केला, एएमडीचा रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बी६५० बोर्ड ४ स्लॉटवाला, आणि डीडीआर५ ६००० सीएल३० ची १६+१६ जीबीची आरजीबी (रंगीत लाईटवाली) रॅम किट. एक्स्पो (रॅम खोक्यावरच्या स्पीडला चालवायचं सेटिंग) ऑन करून टाकलं होतं, टास्क मॅनेजरमध्ये ६००० दिसायचं, आजपर्यंत एकदाही त्रास नाही.

आता खरं सांगतो, हसू नका. कॅबिनेटला काच आहे आणि ती बाजू बरोबर गिऱ्हाईकासमोर येते. लोकं अल्बम बघायला बसतात आणि नजर त्या लाईटवर. आणि तिथं काय दिसतंय तर एक स्लॉट रिकामा, एक भरलेला, परत एक रिकामा, परत एक भरलेला, दुधाचे दात पडलेल्या पोरासारखं. त्यात रिझॉल्व्हमध्ये (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) फोरकेचं काम वाढलंय, म्हटलं तसंही ३२ जीबी कमीच पडत असणार. मग त्याच कंपनीची, सेम मॉडेल नंबर, सेम काळा रंग, अशी दुसरी किट आणली, पहिलीच्या जवळजवळ तिप्पट पैसे मोजून. दुकानदार म्हणाला पुढच्या आठवड्यात अजून वाढेल, घेऊन टाका, घेतली.

लावताना पहिलाच घोळ, कूलरच्या पंख्याखाली चौथी स्टिक बसेना, या लाईटवाल्या रॅम ४४ मिमी उंच आहेत, पंखा क्लिप काढून वर सरकवला तेव्हा बसली. चालू केलं तर स्क्रीन काळी, बोर्डवरचा डीरॅमचा पिवळा दिवा चालूच, ५ मिनिटं वाट बघितली आणि घाबरून बंद केलं. परत चालू, परत तेच. असं चार वेळा. पाचव्या वेळी फोन आला म्हणून बाहेर गेलो, येऊन बघतो तर विंडोज आलेलं. ६४ जीबी दिसतंय पण स्पीड ३६००. एक्स्पो ऑन केलं की परत काळी स्क्रीन, शेवटी सीमॉस क्लिअर करावं लागतं, म्हणजे बोर्डची सगळी सेटिंग पुसून टाकायची. आणि रोज सकाळी चालू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात ते वेगळंच.

वर लाईटचं (रॅमच्या, एमएसईबीच्या नाही) पण नाटक आहे. जुन्या दोन इंद्रधनुष्य दाखवतात, नवीन एक लाल झालीय ती लालच, आणि एक अधूनमधून बंद पडते. बोर्डवाल्यांचं सॉफ्टवेअर आहे, रॅमवाल्यांचं पण टाकलं, दोन्हीकडून प्रयत्न केला.

नवीन किट खराब निघाली का? बदलून मागू का? लग्नसराई तोंडावर आहे, प्लीज लवकर सांगा.

जुनाट_डबेवाला:

भाऊ, किट खराब नाहीये, तू ४ स्टिक लावल्यास एवढंच झालंय. एएमडीच्या साईटवर तुझ्या प्रोसेसरचं पान उघड, खाली मेमरीचं लिहिलंय, २ स्टिक असतील तर ५२०० आणि ४ असतील तर ३६००. म्हणजे तुझा बोर्ड आज्ञाधारक आहे, कंपनीनं सांगितलंय तेवढंच धावतोय. ६००० हा आकडा खोक्यावरचा, तो एक्स्पो म्हणजे ओव्हरक्लॉकचा (ठरल्यापेक्षा जास्त पळवायचा), आणि तो त्या खोक्यातल्या २ स्टिकपुरता तपासलेला असतो. दोन खोकी एकत्र केली की ती हमी संपली.

आणि ती काळी स्क्रीन म्हणजे ट्रेनिंग. डीडीआर५ ला नवीन रॅम लावली की बोर्ड प्रत्येक स्टिकबरोबर टायमिंग जुळवत बसतो, ६४ जीबीला १०-१५ मिनिटं पण लागू शकतात, तू मधेच बंद केलंस म्हणून त्यानं दर वेळी पहिल्यापासून सुरू केलं. फोन आला म्हणून वाचलास.

गेमर_मिरज:

दादा त्या लाईटमुळेच स्पीड कमी होतो, साधी बिनलाईटची रॅम घ्या, माझ्या मित्राचं पण सेम झालेलं.

रात्रपाळी_बंगळुरू:

@गेमर_मिरज नाही हो, ही अफवा फार जुनी आहे. मी बोर्ड डिझाईनमध्ये काम करते म्हणून सांगते. लाईटचे हुकूम एसएमबस नावाच्या वेगळ्या, अगदी मंद तारेवरून जातात, डेटाच्या वाटेशी त्यांचा संबंध नाही. डीडीआर५ मध्ये तर स्टिकलाच ५ व्होल्ट मिळतात आणि चिपांना लागणारे १.१ किंवा एक्स्पोवर १.३५ व्होल्ट स्टिकवरचाच पॉवर चिप बनवतो. लाईटनं फार तर स्टिक थोडी गरम होईल आणि उंची वाढेल, ती तर पंख्यानं दाखवलीच.

धागाकर्ते, ४ स्टिकचं खरं दुखणं असं की स्लॉट ४ असले तरी चॅनेल २च. एका चॅनेलवर दोन स्लॉट, म्हणजे एकाच पाईपवर दोन तोट्या. बहुतेक बोर्डांवर तार आधी जवळच्या स्लॉटला जाऊन मग लांबच्या स्लॉटवर संपते, म्हणून २ स्टिक नेहमी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात, तुमचे दात तसे मुद्दामच पडलेले होते! वाटेतल्या जवळच्या स्लॉटमध्ये पण स्टिक आली की सिग्नल तिथं आपटून परततो, ३६०० ला ते खपून जातं, ६००० ला नाही.

एक काम करा, सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर टाका, त्यात एसपीडीच्या (स्टिकच्या ओळखीच्या माहितीच्या) टॅबमध्ये एकेक स्लॉट निवडून चिप कुणाच्या आहेत ते बघा. मॉडेल नंबर सेम असला तरी आतल्या चिपा बदलतात. (तिथं मेमरीच्या टॅबमध्ये १८०० दिसेल, घाबरू नका, तो घड्याळाचा वेग असतो, ३६०० च्या निम्मा.) फक्त बघताना लाईटची सगळी सॉफ्टवेअरं बंद ठेवा. दोन सॉफ्टवेअरं एकाच वेळी एसएमबसवर बोलायला लागली की लाईट अडकते हे तुम्ही बघितलंच, वाईट वेळ असली तर स्टिकच्या ओळखीची माहितीच बिघडते. डीडीआर४ च्या काळात लोकांच्या स्टिक अशा गेल्यात. दोन्हीतलं एक काढूनच टाका, मग पीसी बंद करा, मागचं एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) बटण बंद, पुढचं पॉवर बटण दाबून धरा, पाच मिनिटांनी चालू करा, लाल अडकलेली बहुतेक सुटेल.

सांगलीचा_एडिटर:

ताई, सुटली! चारी स्टिक आता एका रंगात नाचतायत. सीपीयू-झेडमध्ये जुन्या दोन एसके हायनिक्स दाखवतात आणि नवीन दोन सॅमसंग. खोक्यावर अक्षराचा फरक नाही हो, स्टिकवरच्या स्टिकरला भिंग लावलं तेव्हा शेवटचे तीन आकडे वेगळे दिसले.

बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) पण अपडेट केलं, मग एक्स्पो ठेवून स्पीड हातानं ५२०० केला, चालू करून चहाला गेलो, आल्यावर सुरू झालेलं होतं. म्हणजे झालं ना काम?

जुनाट_डबेवाला:

सुरू झालं म्हणजे झालं असं नसतं रे. मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाक, रात्री लावून झोप, ४ पास म्हणजे ४ फेऱ्या होऊ देत. एक जरी एरर आली तरी ते सेटिंग नको, नाहीतर ऐन वरातीच्या दिवशी रेंडर फुटेल आणि दोष रिझॉल्व्हला देशील.

रोज सकाळच्या दोन-तीन मिनिटांसाठी बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर ऑन कर, त्यानं मागचं ट्रेनिंग लक्षात ठेवतो. त्याच्याबरोबर पॉवर डाऊन एनेबल पण ऑन ठेव. ऑन केल्यावर निळी स्क्रीन यायला लागली तर परत ऑफ.

आणि एक विचारायचं राहिलं. जुन्या ३२ वर मेमरी संपली अशी एरर कधी आलेली?

सांगलीचा_एडिटर:

खरं सांगू? एकदाही नाही.

आणि मेमटेस्टचा निकाल, ५२०० ला दुसऱ्याच पासमध्ये ७ एरर. ४८०० ला चारी पास झाले.

जुनाट_डबेवाला:

मग झालं तर. पैसे टाकून स्पीड कमी केलास तू. दोन काढ, जुन्या दोन पूर्वीच्या जागी लाव, एक्स्पो ऑन कर. पुढंमागं खरंच ६४ लागली तर ३२+३२ ची एकच किट घ्यायची, आत्ता नाही, आत्ता भाव विचारूच नकोस. एआयच्या सर्व्हरला मेमरी पुरवण्यात कारखाने गुंतलेत, मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ ला जाहीर करून क्रुशियलचा किरकोळ धंदाच बंद करायला घेतला. तुझी किट याच कारणानं पडून नाही राहणार, विकून टाक.

रात्रपाळी_बंगळुरू:

आणि दातांचं म्हणाल तर बाजारात नकली स्टिक मिळतात, आत मेमरी नाही, नुसती लाईट. गिगाबाईटनं २०१८ मध्ये त्यांच्या ऑरस डीडीआर४ किटबरोबर अशा दोन खोक्यातच दिल्या होत्या, तेव्हा लोकं फार हसले होते. फक्त डीडीआर५ च्याच घ्या, पिना दोन्हीला २८८ असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, डीडीआर४ ची दाबून बसवायला गेलात तर स्लॉट जाईल.

गेमर_मिरज:

दादा विकणार असाल तर मला मेसेज करा. लाईटसकट चालेल 😄

सांगलीचा_एडिटर:

अपडेट देतो. नवीन किट मिरजेला गेली, घेतली त्याच भावात, पोरगा स्वतः येऊन सीपीयू-झेड बघून घेऊन गेला. जुन्या दोन परत ६००० वर. एकाच लग्नाची टाइमलाइन दोन्हीवर एक्स्पोर्ट करून बघितली, ४ स्टिक ३६०० ला होत्या तेव्हा २१ मिनिटं, आता १९. फार नाही, पण तिप्पट पैसे देऊन २ मिनिटं हळू, हे बायकोला सांगितलेलं नाही.

नकली स्टिक मागवल्या, बसवल्या, पंखा अजून वरच आहे. परवा एका नवरीची आजी समोर बसली होती, म्हणाली अरे ते आत सारखं लुकलुकतंय, बिघडलंय का काही, लोकांचे फोटो जायचे. म्हणून सगळं स्थिर पांढऱ्यावर ठेवलं, तर आता नवीनच, खऱ्या दोन पिवळसर पांढऱ्या आणि नकली दोन निळसर पांढऱ्या दिसतायत. एकआड एक. ताई, याला काही करता येतं का?

रात्रपाळी_बंगळुरू:

लाईटच्या सॉफ्टवेअरमध्ये नकलीचा निळा रंग २५५ वरून २१०-२२० वर आणून बघा, एलईडी वेगळ्या लॉटच्या आहेत. डोळ्यांना बरं दिसेल तिथं थांबा, आजींना विचारून.