जुना चिलर बदलावा की दुरुस्त करून चालवावा?

मूळ मुद्दा : पुण्यातील आमच्या व्यापारी संकुलाच्या तळघरात आर-२२ या शीतक वायूवर चालणारा, १५० टनांचा (टन हे थंडावा देण्याच्या क्षमतेचे माप), पिस्टनचा जुना चिलर, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे यंत्र, आहे. नोंदवहीनुसार तो टनामागे तासाला सुमारे १.१ युनिट वीज घेतो, तर आजचे पाण्याने थंड होणारे चांगले स्क्रू चिलर (मळसूत्री कॉम्प्रेसरचे) ०.६५ युनिटांत भागवतात. पूर्ण भारावर हा फरक तासाला ६७ युनिटांहून अधिक होतो. गाळेधारकांच्या सभेत बदलीचा ठराव मांडावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ : मी देखभालीत असतो आणि असहमत आहे. एप्रिल-मेच्या दुपारा सोडल्या, तर पूर्ण भार येतो तरी किती तास? शिवाय ते १.१ युनिट चिलरचे की कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या, ट्यूबमधल्या क्षारांचे, हे आधी पाहा. बोअरवेलच्या जड पाण्यावर चालणाऱ्या आमच्या कंडेन्सरचे झाकण काढले, तेव्हा ट्यूबमध्ये पेन्सिलही जेमतेम शिरत होती. कंडेन्सरचे तापमान एक अंशाने चढले, की वीज दोन-तीन टक्क्यांनी वाढते. पंपाचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून प्रवाह आवरण्यापेक्षा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा नियंत्रक) बसवावा. थंड पाण्याच्या बंद चक्रात वेग ८० टक्क्यांवर आणला, की पंपाची वीज जवळपास निम्मी होते. हे न करता चिलर बदलणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

प्रतिसाद २ : सफाई हवीच, पण कमी भाराचा मुद्दा उलट बदलीच्याच बाजूने जातो. पिस्टनचा चिलर सिलिंडर टप्प्याटप्प्याने मोकळे करतो आणि कमी भारावर मार खातो. व्हीएफडीचा नवा चिलर नेमका तिथेच वीज वाचवतो. त्यात २०३० नंतर आपल्या देशात आर-२२ केवळ देखभालीसाठी आणि नाममात्र मिळणार आहे. गळती झाल्यावर धावाधाव करण्यात काय अर्थ?

प्रतिसाद ३ : पैसे गाळामालक घालणार आणि बिल भाडेकरूचे उतरणार, हे ठरावात कुठे आहे? सभा तिथेच अडेल, हे लिहून ठेवा.

धागाकर्ता : ठराव मागे घेत नाही, पण पुढे ढकलतो. आधी ट्यूब साफ करून चिलरला स्वतंत्र मीटर आणि पाण्याच्या नळीला प्रवाहमापक लावू, आणि मेअखेरपर्यंत तासातासाची नोंद घेऊ. नळीदिव्यांच्या जागी एलईडी आल्यापासून इमारतीतली उष्णताही घटली आहे. कदाचित आम्हाला १५० टन लागतच नसतील.