विचित्र रिव्हॉल्व्हर : डोकं की नसती उठाठेव?

खटपट्या (धागाकर्ता):
रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर (काडतुसं ठेवायचं फिरतं नळकांडं) आणि नळी यांच्यात बारीक फट असते. ती नसेल तर सिलिंडर फिरणारच नाही. गोळी सुटताना थोडा वायू तिथून निसटतो, पण त्यावाचून कोणाचं अडलं नव्हतं. तरी बेल्जियमच्या लेओं नागांतने रशियन सैन्याच्या १८९५ च्या मॉडेलमध्ये ती बुजवलीच. घोडा (काडतुसावर आपटणारी हातोडी) मागे जाताना अख्खं सिलिंडर पुढे सरकतं आणि काडतुसाचं निमुळतं तोंड नळीत शिरतं; गोळी काडतुसात पुरती बुडालेली. पदरात काय पडलं? किंचित जास्त वेग. आणि चाप (बोटाने ओढायचा खटका) असा जड की नेम गेला तेल लावत. वर सातही काडतुसं एकेक भरा, रिकामी पुंगळीही एकेक ढोसून बाहेर काढा!

वंगणवाला:
घोडा अंगठ्याने आधी मागे ओढला की चाप बराच हलका होतो, हे सोयीस्कर विसरलात. आणि फट बंद असल्यामुळे यावर सायलेन्सर चालतो. एरवी रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावणं व्यर्थ, आवाज फटीतूनच बाहेर पडतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत टेहळ्यांनी नागांतला ‘ब्रामित’ नावाचा सायलेन्सर लावून वापरलं.

खटपट्या:
अमेरिकन संशोधक हायरम पर्सी मॅक्सिमचं सायलेन्सरचं पेटंट १९०९ चं. नागांतच्या स्वप्नातही ते नव्हतं. कावळा बसला नि फांदी तुटली, त्याचं श्रेय कावळ्याला?

तिरपागडी:
नागांत सोडा, वेब्ली-फॉस्बेरी हे ब्रिटिश रिव्हॉल्व्हर बघा. फॉस्बेरी हिंदुस्थानातल्या फौजेतला अधिकारी, १८६३ च्या वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालेला. त्याच्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर नागमोडी चर कोरलेत. गोळी सुटली की धक्क्याने नळी आणि सिलिंडर दोन्ही सांगाड्यावरून मागे सरकतात, घोडा आपोआप चढतो, म्हणजे मागे अडकून पुढच्या गोळीसाठी सज्ज होतो. खालची खुंटी चरात अडकलेली, त्यामुळे मागे जाताना सिलिंडर अर्धा टप्पा फिरतं, पुढे येताना उरलेला अर्धा. पहिल्या गोळीनंतर चाप कायम हलका. याला उठाठेव म्हणणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

वंगणवाला:
देखणं आहे, वादच नाही. पण तो चर उघडा! खंदकातला चिखल त्यात बसला की संपलं. मनगट सैल धरलं तरी धक्का वाया जातो आणि सिलिंडर अर्ध्यावर अडकतं. नेमबाजीच्या मैदानावर शोभतं, लढाईत नको.

तिरपागडी:
मग नागांतला कशाला डोक्यावर घेता? भरायला लागणारा वेळ लढाईत चालतो वाटतं?

खटपट्या:
माझ्या मते वेगळेपणाचा खरा फायदा दिला तो एमिलिओ गिझोनीच्या डोक्यातून आलेल्या कियाप्पा ऱ्हायनो या इटालियन रिव्हॉल्व्हरने. त्यात गोळी सिलिंडरच्या वरच्या नव्हे, तळाच्या घरातून (काडतुसाच्या खाचेतून) सुटते. नळी मुठीच्या जवळ आली, त्यामुळे धक्का सरळ तळहातात जातो, तोंड फार उसळत नाही.

वंगणवाला:
आणि त्यासाठी आत केवढा संसार मांडलाय ते पाहिलंत? बाहेर दिसतो तो घोडाच नाही, नुसता चढवायचा खटका. ओढला की परत जागेवर येतो. म्हणून आतला खरा घोडा चढलाय हे सांगायला वर लाल खुंटी ठेवावी लागली. उठाठेव म्हणतात ती हीच. नागांतवर टीका करताना हे आठवलं नाही का?


खटपट्या:
लाल खुंटीने नेम बिघडत नाही. जड चापाने बिघडतो.