इचुकाला पुन्हा जायचंय: कॅरॅव्हॅनचं वजन, वीज आणि मरे नदी (घरचा ग्रुप)

*दादा:* एप्रिलच्या सुट्टीत मरे नदीकाठचं इचुका गाव ठरलं. यावेळी आई-बाबा आहेत, म्हणून भाड्याची कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) मोठी बघितली आहे. टेअर (रिकामं वजन) १,५८० किलो, एटीएम (सामानासकट जास्तीत जास्त वजन) १,९००. आपली गाडी २,००० ओढते. चालेल ना काका?

*काका:* कागदावर चालेल. पण टेअर आणि एटीएममधला फरक फक्त ३२० किलो, सगळं सामान त्यातच बसवायचं. पाण्याच्या दोन टाक्या ८० लिटरच्या, भरल्या की १६० किलो तिथेच गेले. ९ किलो गॅसचे दोन सिलिंडर, लोखंडासकट ३५च्या पुढे. उरले जेमतेम सव्वाशे. त्यात अंथरुणं, खुर्च्या, आठवड्याचा शिधा. म्हणून मेलबर्नहून टाक्या रिकाम्याच न्या. कॅरॅव्हॅन पार्कात नळ आहे.

*दादा:* म्हणजे टाक्या रिकाम्या ठेवल्या की प्रश्न मिटला?

*काका:* खरी अडचण गाडीची आहे. भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या साधारण १० टक्के भार टो-बॉलवर (गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर) यायला हवा, म्हणजे १९० किलो. हा भार गाडीच्या पेलोडमध्ये (गाडीला वाहता येणाऱ्या वजनात) मोजला जातो. पाच माणसं धर ३५०. झाले ५४०, डिकी अजून रिकामीच आहे. मॅन्युअलमध्ये जीव्हीएम (भरलेल्या गाडीचं कमाल वजन) आणि कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) बघ. फरक साडेपाचशेच्या आसपास असेल तर पाच जण बसवून ओढायचं नाही. टो-बॉलची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, तीही बघ.

*ताई:* मग आई-बाबा मागे कॅरॅव्हॅनमध्ये आडवे झाले तर?

*काका:* अजिबात नाही. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवणं बेकायदा आहे.

*वहिनी:* मी त्यांना ट्रेनने आणते. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून व्ही-लाइनची ट्रेन बेंडिगोमार्गे इचुकाला जाते. बाबांच्या गुडघ्यांनाही बरं, उठून चार पावलं चालता येतं.

*काका:* उत्तम. आता सामान. जड वस्तू खाली आणि चाकांच्या वर. तांदळाची पिशवी, कुकर, मिक्सर मागच्या कपाटात ठेवलेत तर बॉलवरचा भार कमी होतो आणि कॅरॅव्हॅन शेपटीसारखी हलायला लागते. हलली तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरवरून फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक हाताने लावायचे. तो कंट्रोलर तुझ्या गाडीत बसवलेला आहे का, हे बुकिंगआधी विचार. साखळ्या जोडणीखालून एकमेकींवर फुली करून लावायच्या, म्हणजे जोड निसटला तरी पुढचा दांडा रस्त्यावर आपटत नाही. चाकाचे नट ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे.

*दादा:* रस्ता? हीथकोटवरून?

*काका:* ओढताना कॅल्डर फ्रीवेने बेंडिगो, तिथून एल्मोर, मग नॉर्दर्न हायवे. बेंडिगोपर्यंत रस्ता बराचसा दुपदरी आणि दुभाजकाचा, मागच्यांना ओव्हरटेक करता येतं.

*आत्या:* विजेचं मी सांगते. कॅरॅव्हॅनची वायर १५ अँपियरची, तिची अर्थची पिन जाड असते. घरच्या १० अँपियरच्या सॉकेटमध्ये ती जात नाही. पिन घासून बसवायची नाही. १५ अँपियर म्हणजे साधारण साडेतीन हजार वॉट. किटली २,२०० आणि इंडक्शन २,००० एकदम लावलं की सर्किट ट्रिप. एसी चालू असेल तर किटली एकटीच लावा. फोडणी बाहेर ऑनिंगखाली (कॅरॅव्हॅनच्या बाहेरच्या कापडी छताखाली) करा, आत केली तर धुराचा अलार्म लगेच वाजतो. पाण्याला निळा, पिण्याच्या पाण्याचा होज वापरा आणि नळाला प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावा. गावच्या नळाचा जोर आतले जोड सोडवतो.

*भावोजी:* पार्कात कॅरॅव्हॅन लावायची साइट कुठली घेताय? २०२२च्या ऑक्टोबरमध्ये मरेला पूर आला तेव्हा गावात तात्पुरता बांध घालावा लागला होता. नदीकाठची साइट सुंदर असते, पण निघायच्या आधी हवामान खात्याच्या वेबसाइटवर इचुकाची पाणीपातळी बघा. रेड गमच्या फांदीखाली तंबू-खुर्च्या मांडू नका. वारा नसतानाही, कडक उन्हाच्या दिवसांतसुद्धा, ही झाडं मोठी फांदी टाकतात.

*ताई:* मुलांना गळ टाकायचाय.

*भावोजी:* मोठ्यांनीही गळ टाकला तर परवाना न्यू साउथ वेल्सचा काढा, व्हिक्टोरियाचा नाही. सीमा दक्षिण काठाच्या वरच्या कडेने जाते, म्हणजे मरेचं पाणी त्यांचं. मरे कॉड मासा ५५ ते ७५ सेंटीमीटरमध्ये असेल तरच ठेवायचा, बाकी सोडायचा. एप्रिलमध्ये तो चालतो, बंदी सप्टेंबर ते नोव्हेंबर. पाण्यात बुडालेले ओंडके फार, त्यामुळे पोहायला लाइफ जॅकेटशिवाय कोणी उतरायचं नाही. संध्याकाळी डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

*वहिनी:* बाबांना बोटींच्या धक्क्यावर बसायला आवडेल. तो लाकडी धक्का १८६५चा ना?

*भावोजी:* हो, रेड गमचाच. पीएस (पॅडल स्टीमर) पेव्हेन्सी १९११ची आहे. वाफेवर चालणारी बोट असल्याने फेऱ्या ठरलेल्या असतात, तिकीट आधी काढा. बाबांना पायऱ्या जमतील का तेही तिथे विचारून ठेवा.

*दादा:* मॅन्युअल काढलं. फरक ५६० किलो. आई-बाबा ट्रेननेच.

*काका:* ठीक. निघायच्या आदल्या दिवशी पब्लिक वजनकाट्यावर ने. आधी गाडी आणि कॅरॅव्हॅन जोडलेली, मग कॅरॅव्हॅन एकटी. दोन्ही चिठ्ठ्या इथे टाक.