प्रति: लॉरी अँडरसन यांचं टेपवालं व्हायोलिन
कुणीतरी विचारलंय, की अमेरिकन कलाकार-संगीतकार लॉरी अँडरसन यांच्या १९७७ च्या या व्हायोलिनमधून माणसाचे शब्द येतात कसे. घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) टेप रेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, आणि गजाला केसांऐवजी रेकॉर्ड केलेली टेप, बस्स! गज उलटा ओढला की शब्दही उलटा.

करून बघायचं तर पाव इंची टेप घ्या. सेकंदाला १९ सेंमी वेगाने रेकॉर्ड केलं, तर ६५ सेंमीच्या गजावर जेमतेम साडेतीन सेकंद मावतात. टेपची ऑक्साइडची (चुंबकीय लेपाची) बाजू हेडकडेच हवी, नाहीतर आवाज दबतो. हेडचा सिग्नल फार क्षीण, त्यामुळे तो आधी वाढवणारा प्रीअँप लागतोच. वायर शिल्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) नसेल तर घरच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर ठरलेली. खरी मेख मात्र हातात आहे: गज जरा रेंगाळला की आवाज घोगरा, घाई केली की चिरका.