मदत हवी आहे: शत्रूंना माणूसपण कसं द्यावं?

मंडळी, फँटसी गेमची कथा लिहितेय आणि ऑर्क टोळीपाशी (ऑर्क म्हणजे फँटसीतली राक्षसी, लढाऊ जमात) अडलेय. अख्खी जमात जन्मजात दुष्ट, वर काळी कातडी आणि तोडकीमोडकी भाषा, हे आता लिहवत नाही. ऑर्क आणि ड्राऊंच्या (ही फँटसीतली काळ्या कातडीची जमात) वर्णनांत खऱ्या वंशांच्या बदनामीचे पडसाद आहेत, हे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या रोल-प्लेइंग गेमवाल्यांनीही २०२० मध्ये मान्य केलं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये शत्रू मेला की साथीदार त्याचं नाव घेऊन ओरडतात. भारी युक्ती, पण मारावं तर लागतंच! एखादा भला ऑर्क घुसडणं म्हणजे निव्वळ मलमपट्टी. शत्रूची बाजू पटावी, तरी लढाईची धार जाऊ नये, असं कुठल्या गेममध्ये जमलंय? 'अंडरटेल' नका सुचवू, त्यात कुणालाही न मारता गेम संपवता येतो; मला लढाई हवीच आहे.