मदत हवी आहे: अँफोरांच्या कानांवरील शिक्क्यांचे मोफत संदर्भ कुठे मिळतील?

मातीचा_माग (धागाकर्ता): प्रबंधाच्या एका प्रकरणासाठी अँफोरांच्या (तेल, मद्य वाहून नेण्याच्या प्राचीन मातीच्या भांड्यांच्या) कानांवरील, म्हणजे मुठींवरील, शिक्क्यांचे समांतर दाखले तातडीने हवे आहेत. सारांश वाचून ज्या लेखांबद्दल आशा वाटते ते सगळे पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, आणि आमच्या संस्थेने त्या नियतकालिकांची वर्गणी बंद केली आहे. प्रकरण सोमवारी द्यायचे आहे. कृपया विश्वासार्ह आणि मोफत साधने सुचवा.

चित्रकुंभ: ऑक्सफर्डचे बीझली अभिलेखागार पाहा. १९२२ पासून निघणाऱ्या 'कॉर्पस वासोरम अँटिकोरम' या प्राचीन भांड्यांच्या सूचींच्या मालिकेतील, आता छापील प्रत न मिळणारे अनेक खंड तिथे कोणालाही वाचता येतात. अथेन्सच्या चित्रित भांड्यांवरील माझे सगळे काम त्याच आधारावर उभे आहे.

खापरवाचक: चित्रित भांड्यांबद्दल त्यांनी विचारलेलेच नाही. मातीचा_माग, अँफोरा कुठला आहे आणि शिक्क्यात काय दिसते? रोड्स या ग्रीक बेटाच्या अँफोरांच्या कानांवर अधिकाऱ्याचे नाव आणि महिना असतो, कधी गुलाबाचे फूल असते. स्पेनच्या तेलाच्या अँफोरांवर बहुधा दोन-चार संक्षिप्त अक्षरे असतात. दोन्हींची साधने पूर्ण वेगळी आहेत.

मातीचा_माग: क्षमस्व, मला ते उघड वाटले होते. ड्रेसेल २० (स्पेनच्या तेलाच्या अँफोरांचा एक प्रकार), इसवी सनाचे दुसरे शतक, तीन लॅटिन अक्षरे.

खापरवाचक: मग काम बरेच सोपे झाले. यॉर्कच्या आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिसवर साउथॅम्प्टन विद्यापीठातील कीय आणि विल्यम्स यांनी उभारलेला रोमन अँफोरांचा कोश आहे. त्यात प्रत्येक प्रकाराची रेखाचित्रे, मातीचे वर्णन आणि कालखंड मिळतो. शिक्क्यांसाठी बार्सिलोनाच्या सेइपाक या संशोधन गटाचा माहितीसंच पाहा. ज्यांच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो त्या ड्रेसेल यांनी स्वतः रोमच्या मोन्ते तेस्ताच्चो या खापरांच्या टेकडीवरील लेख 'कॉर्पस इन्स्क्रिप्तिओनुम लातिनारुम' या लॅटिन लेखांच्या ग्रंथमालेच्या पंधराव्या खंडात संपादित केले; या ग्रंथमालेतील जुने खंड स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहेत. ती टेकडी मुख्यतः स्पेनमधील ग्वादालक्विवीर नदीच्या खोऱ्यातून तेल आणणाऱ्या याच प्रकाराच्या खापरांची असल्यामुळे तुमचा शिक्का तिथे सापडण्याची शक्यता चांगली आहे.

मुक्तद्वार: अडलेले लेखही सोडू नका. बऱ्याच लेखकांनी स्वीकृत हस्तलिखित आपल्या विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात ठेवलेले असते, आणि अनपेवॉल हे ब्राउझरमधील साधन ते शोधून देते. तिथेही नसेल, तर थेट लेखकाला पत्र लिहावे. मला आजवर बहुतेकांनी प्रत पाठवली आहे.

परवाना_पाहा: थांबा. प्रबंध संस्थेच्या संकेतस्थळावर जाहीर होणार आहे का? लेखकाने पाठवलेली प्रत वाचण्यासाठी असते. तिच्यातील रेखाचित्र आपल्या प्रबंधात छापण्याची मुभा तिच्याबरोबर येत नाही.

मुक्तद्वार: सोमवारी प्रकरण द्यायचे असलेल्या माणसाला परवान्यांत गुंतवून काय साधणार? आधी वाचू द्या.

परवाना_पाहा: नंतर चित्रे काढून टाकण्यापेक्षा आताच पाहिलेले बरे. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आपल्या संग्रहातील स्वामित्वहक्कमुक्त वस्तूंची छायाचित्रे सीसी-शून्य (सर्व हक्क सोडून देणाऱ्या) परवान्यावर खुली केली. ती विचारल्याशिवाय छापता येतात. 'अव्यावसायिक वापरासाठी' असे लिहिलेले चित्र मात्र पुढे प्रबंधाचे पुस्तक झाले की अडते. मी एकदा अकरा चित्रे याच कारणाने गमावली, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतो.

चित्रकुंभ: गेटी संग्रहालयाने प्रसिद्ध केलेला, 'कॉर्पस वासोरम'मधील त्यांच्या संग्रहाचा दहावा खंड ऑनलाइन मोफत आहे. विषय वेगळा असला तरी खुली सूची कशी करावी याचा तो नमुना आहे.

मातीचा_माग: सर्वांचे आभार. प्रबंध जाहीर होणार आहे, हेही मी सांगायला विसरलो होतो. सेइपाकच्या संचात माझ्या शिक्क्याचे दोन दाखले मिळाले, पण त्यांतील मधले अक्षर माझ्या खापरावर उलटे उमटले आहे. हा वेगळा साचा मानावा की तोच शिक्का?

खापरवाचक: शिक्क्याची लांबी-रुंदी आणि अक्षरांची उंची मोजून इथे द्या, त्याशिवाय सांगता येणार नाही. मोजमाप घेताना रेखाचित्रही स्वतःच काढा, म्हणजे परवान्याचा प्रश्न त्या एका चित्रापुरता तरी उरणार नाही.